कडेच्या झाडाची बोंडं

निवृत्त कृषी सहायकाला लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, आमच्या कुंडीतला मोगरा का फुलत नाही आणि दुसरी, यंदा पाऊस कसा आहे. पावसाचं मला नोकरीत असतानाही कळत नव्हतं, ते आता पेन्शनीत कळायचं काही कारण नाही. मोगऱ्याचं मात्र कळतं. यवतमाळात आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी एकाच कुंडीत मोगरा, तुळस, कोरफड आणि कुठूनसं आणलेलं गुलाबाचं कलम अशी चार झाडं लावली होती. मी म्हटलं, "यातली तीन काढा." घरातली तीन माणसं बाहेर काढायला सांगावीत, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुंडी अजून तशीच आहे आणि मोगरा काही फुललेला नाही.

माझी उभी नोकरी घाटंजी आणि मारेगाव या दोन तालुक्यांत, मोटारसायकलवर गेली. सरकारी भाषेत माझ्या कामाला मार्गदर्शन म्हणत. खरं पाहता ते झाडांच्या भांडणात मध्यस्थी करण्याचं काम होतं. झाडं भांडतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, शहरातल्या वाचकाला सांगतो. ती ओरडत नाहीत, जागची हलत नाहीत, म्हणून आपल्याला गरीब वाटतात. पण जमिनीखाली पाण्यासाठी आणि वर उन्हासाठी त्यांची रात्रंदिवस ओढाताण चाललेली असते. एकानं जास्त घेतलं की शेजारच्याला तेवढं कमी पडतं. आणि यात सगळ्यांत मोठा वैरी कोण, तर आपल्याच जातीचं शेजारचं झाड. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. दोन पऱ्हाट्या खेटून उभ्या असल्या, की दोघींना एकाच वेळी, एकाच खोलीवरचं पाणी हवं असतं. तुरीचं तसं नाही. तूर पहिले दोन महिने वर फारशी दिसतच नाही, खाली मात्र मूळ खोल नेत असते. कपाशीची वेचणी उतरणीला लागते, तोवर ती आपल्या पाण्यापर्यंत पोचलेली असते. म्हणूनच आमच्या भागात कपाशीच्या काही ओळी आणि मग तुरीच्या एक-दोन, अशी पेरायची रीत पडली. ओळीला इकडे तास म्हणतात. कापूस विकायला आणि तुरीचं तास घरात खायला, असा साधा हिशेब. ते तास बहुतेक घरांत बाईच्या अखत्यारीतलं असतं.

नोकरीच्या सुरुवातीला मला सगळ्यांत जड गेलं ते विरळणी शिकवणं. एका जागी दोन बिया टाकायच्या, दोन्ही उगवल्या की पंधरा-वीस दिवसांनी त्यातलं एक रोप उपटून टाकायचं, इतकंच ते काम. बी फुकट मिळत नाही आणि उगवलेलं उपटायला हात धजत नाही. मारेगावकडे गणपतराव नावाचे एक म्हातारे शेतकरी होते. मी पुढे रोपं उपटत चाललो होतो आणि हे मागून ती गोळा करून रिकाम्या जागी परत लावत येत होते. हातात पाण्याचा लोटा. मी म्हटलं, "गणपतराव, मूळ तुटलं, आता ते जगत नाही." ते म्हणाले, "तुमचं काम उपटाचं हाये, तुमी उपटा. माहं काम लावाचं हाये." बहुतेक सगळी दोन दिवसांत वाळली. दोन जगली. दिवाळीत त्यांनी मला मुद्दाम बोलावून ती दोन दाखवली. त्यांना मिळून एक बोंड होतं. तरी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर मला हरवल्याचा आनंद होता, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं.

गणपतरावांची गोष्ट मी पुष्कळांना सांगत आलो. आता जी सांगणार आहे, ती आजवर कोणाला सांगितलेली नाही.

निवृत्तीला काही वर्षं राहिली होती. घाटंजी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर माझ्याकडे दाट लागवडीचं प्रात्यक्षिक आलं. कपाशीची झाडं नेहमीपेक्षा जवळ जवळ लावायची, झाडागणिक बोंडं कमी आली तरी झाडं जास्त म्हणून कापूस जास्त, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही. ठरावीक बुटक्या वाणाला, नीट निगा ठेवली तर, तो लागू पडतो. प्रात्यक्षिकासाठी मी किसन राठोड या तरण्या शेतकऱ्याचं एक एकर निवडलं. त्याचं वावर तीन एकरांचं, हलक्या जमिनीचं. ते निवडायचं कारण शास्त्रीय नव्हतं. ते पांदणीला, म्हणजे गाडीरस्त्याला लागून होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं असतं.

किसनची आई झमकीबाई. वय साठीच्या पुढे, अंगानं वाळकी, बोलणं मोजकं. तांड्यात आईला याडी म्हणतात. किसनबरोबर निम्मा तांडा तिला याडी म्हणायचा. दर हिवाळ्यात मी तिकडे गेलो, की ती तुरीच्या ओल्या शेंगांनी माझी थैली भरून द्यायची आणि मी नको म्हटलं की ऐकायची नाही. पेरणीच्या दिवशी मी दोरी लावून ओळी आखत होतो, तेव्हा ती बांधावर येऊन उभी राहिली.

"साहेब, तुरीचे दोन तास राहू द्या. घरात खायाले लागते."

"बाकीच्या दोन एकरांत आहे ना तूर? या एकरात नको. तूर कपाशीचं खाते."

"कपाशीचं नाही खात साहेब थे. थे आपलं खाली जाऊन खाते."

तिचं म्हणणं बरोबर होतं आणि ते मला ठाऊक होतं. पण प्रात्यक्षिकाच्या कागदावर तुरीला रकाना नव्हता. मी दोरी पुढे सरकवली.

सप्टेंबरच्या शेवटी त्या वावरावर शेतीदिन ठेवला. तालुक्याहून साहेब आले, आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आले, पांदणीवर दोन जीपगाड्या आणि वीसेक मोटारसायकली लागल्या. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. आत काळा चिखल, पऱ्हाट्या एकमेकींत गुंतलेल्या आणि ओल्याचिंब. साहेबांच्या पायांत नवे बूट. अशा वेळी काय करायचं हे मला कोणी सांगितलं नाही. मी आपण होऊन पांदणीच्या कडेचं एक झाड धरलं आणि सगळ्यांसमोर बोंडं मोजायला लागलो.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. झाडं मोजताना कडेच्या दोन ओळी नेहमी सोडून द्यायच्या असतात. कडेच्या झाडाला एका बाजूनं शेजारीच नसतो. तिकडचं ऊन त्याचं एकट्याचं, तिकडची माती त्याची एकट्याची, आणि वर रस्त्यावरून वाहून आलेलं पाणीही त्यालाच. ते झाड त्या वावरातलं असतं, पण त्या वावराचे हाल त्यानं भोगलेले नसतात. त्याच्यावरून पिकाचा अंदाज बांधायचा नाही. नोकरीला नव्यानं लागलेल्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवत असे.

कडेच्या झाडाला बावन्न बोंडं भरली. मी प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत होतो आणि लोक माझ्याबरोबर म्हणत होते. पन्नास ओलांडल्यावर कोणीतरी शिट्टी मारली. त्या गलक्यात झमकीबाई पुढे आली.

"साहेब, हे कडचं झाड हाये. मधात चाला. मधलं मोजा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाई, मधात चिखल आहे. साहेबांचे बूट भरले तर तुम्ही धुणार का?"

आणि हसलो. मी हसल्यावर साहेब हसले, मग सगळे हसले. किसनही हसला. त्या झाडाबरोबर माझा, साहेबांचा आणि किसनचा फोटो निघाला आणि तो संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून गावोगाव गेला.

मंडळी चहाकडे वळली. मी सामान आवरत होतो, तेव्हा झमकीबाई वावरातून बाहेर आली. कमरेपर्यंत भिजलेली, पाय पोटरीपर्यंत चिखलात.

"तीन झाडं मोजले मी. अकरा, नऊ अन् तेरा."

मी म्हणालो, "एखादं झाड असतं तसं."

"तीन मोजले, साहेब," ती म्हणाली. मी शेतीदिनाचा कापडी फलक गुंडाळायला लागलो.

अहवालात मी कडेचाच आकडा लिहिला. किसनच्या त्या एकराचा कापूस शेवटी बाकीच्या दोन एकरांसारखाच आला, उन्नीस-बीस. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्या दोन एकरांतली तूर घरात आली होती आणि डबे भरलेले होते. ज्याच्या घरात खायला आहे, तो कापसाचा एवढा कीस काढत नाही.

पुढच्या हंगामात सगळा तांडा दाट लागवडीवर आला. फोटोतल्या झाडानं लोकांना भुलवलं. बी मिळेल ते, म्हणजे पसरणाऱ्या वाणाचंही लोकांनी दाटच लावलं. आणि पेरणीतून तूर काढून टाकली, कारण मी सांगितलं होतं की तूर कपाशीचं खाते. किसननं तिन्ही एकरांतून तूर काढली. घरात त्यावरून वाद झाला, हे मला नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं. सासू ऐकेना, तेव्हा किसननं मोबाइल काढून तो फोटो आईच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला, "हे पाय याडी. साहेबानं मोजले हायेत. तू काय कृषी खात्यात हायेस काय?"

मला त्या वेळी तिथं जाऊन एक शब्द टाकता आला असता. घरातल्या वादाचं ठाऊक नव्हतं, पण लोक तूर पेरत नाहीत हे दिसत होतं; मी त्या महिन्यात तांड्यावर तीनदा गेलो होतो. लोक माझा शब्द ऐकतात या गोष्टीचं मला सुख होत होतं, आणि त्या सुखात मी गप्प राहिलो.

श्रावणात पावसानं दडी मारली. हलक्या जमिनीत पाणी थोडंच मावतं, आणि त्या थोड्या पाण्यावर दुप्पट तोंडं बसलेली. सकाळी दहालाच पऱ्हाट्या माना टाकायच्या. मग त्यांनी पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, गाळायला सुरुवात केली. झाडाला जेवढं पोसवतं तेवढंच ते ठेवतं, बाकीचं सोडून देतं. किसनच्या वावरात ओळींमध्ये पात्यांचा सडा पडला होता. मी वावराच्या अगदी मधोमध उकिडवा बसलो आणि एक-एक झाड पाहिलं. त्या दिवशी तिथं चिखल नव्हता.

पाऊस पुढे आला. कपाशीला त्याचा उपयोग व्हायची वेळ निघून गेली होती. तुरीला झाला असता, पण तूरच नव्हती. त्या हिवाळ्यात त्या तांड्यावर सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी शिजली नाही. डाळ भरडायला बायका अंगणात बसलेल्या दिसल्या नाहीत, चुलीत घालायला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, नव्हत्या. माणसं घाटंजीच्या बाजारातून डाळ आणत होती आणि ती शिजत नाही म्हणून बायका कुरकुरत होत्या. झमकीबाईनं मला चहा दिला. शेंगा नाहीत असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

मला कोणी बोल लावला नाही, हे सगळ्यांत वाईट. सगळ्यांनी पावसाला दोष दिला. "पाऊसच दगा देऊन गेला, त्याले तुमी काय करसान, साहेब," असं लोक मलाच समजावत होते. पाऊस दगा देऊन गेला हे खरंच होतं, म्हणून मी मान हलवत राहिलो. वर्षभर हलवली.

दुसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर तांड्यावर बैठक भरली. देवळापुढच्या ओट्यावर पुरुष, खाली निंबाखाली बायका. किसननं विचारलं, "साहेब, यंदाबी तूर नकोच ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. खाली बसलेल्या बायकांपैकी एकीही वर पाहत नव्हती. त्यांनी उत्तर गृहीत धरलं होतं. मला काय झालं ते सांगता येत नाही, पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तूर पेरा. मी चुकलो होतो." मग कडेच्या झाडाचं सगळं सांगितलं. त्याला शेजारी नसतो, ते का भरतं, ते मोजायचं नसतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. अहवालात काय लिहिलं तेही सांगितलं.

मग तांड्याचे नायक, म्हणजे त्यांचे प्रमुख असलेले एक म्हातारे, म्हणाले, "माहीत होतं तं मोजलं काहून?"

मी चिखल म्हणणार होतो, साहेबांचे बूट म्हणणार होतो. म्हणालो, "फोटो चांगला येत होता."

नायकांनी जमिनीकडे पाहिलं. "खरं बोलले, हे बरं केलं," ते म्हणाले. "नाहीतरी पाऊस नव्हताच." त्या माणसानं भर सभेत मला वाट करून दिली. बैठक उठली. दोघा-तिघांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मला हलकं वाटलं, थोडं मोठंही वाटलं असेल. भर सभेत चूक कबूल करणारे कृषी सहायक किती असतील, असंही मनात येऊन गेलं.

मी मोटारसायकलीपाशी आलो तर झमकीबाई तिथं उभी होती. मी म्हणालो, "याडी, चुकलो."

"चुकले थे जाऊ द्या," ती म्हणाली. "चुकते मानूस. तुमी समदं सांगतलं. मी मधलं मोजा म्हनलं होतं, थे नाही सांगतलं."

मी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"तुमी हासले तवा माहा पोरगाबी हासला. थो अजून हासते. काई सांगाले गेली का हासते. सूनबी तोंड फिरवते. तूर तं यंदा येईन साहेब."

इतकंच म्हणून ती घराकडे वळली. मी गाडी तशीच सोडून तिच्या मागे गेलो. किसन दारात बसून बियाण्याची पिशवी उघडत होता. त्याची बायको आत चुलीपाशी होती. मी उभ्या उभ्या म्हणालो, "किसन, त्या दिवशी तुझी आई बरोबर होती. मधलं झाड मोजा, असं तिनं मला सांगितलं होतं. तिनं स्वतः आत जाऊन मोजलं, मला येऊन आकडे सांगितले. मी ऐकलं नाही, वर तिलाच हसलो. तिचं ऐकलं असतं तर तुमच्या घरात तूर असती."

किसननं वर पाहिलं आणि तो हसला. कुत्सित नाही, अगदी प्रेमानं.

"तुमी मोठ्या मनाचे हा साहेब," तो म्हणाला. "म्हाताऱ्या मानसाले बरं वाटावं म्हनून तुमी तिचं नाव घेता. याडीले काय कळते मोजनं?"

"अरे, खरंच सांगतो—"

"असू द्या ना साहेब. तुमी म्हनले तूर पेरा, तं पेरतो. दोन काय, चार तास पेरतो. तुमचा शब्द हाये."

आत त्याची बायकोही हसली. मी आणखी एकदा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. जेवढं सांगत गेलो, तेवढा मी त्याच्या डोळ्यांत मोठा होत गेलो आणि ती होती तिथंच राहिली. इतकी लाज मला भर सभेतसुद्धा वाटली नव्हती.

झमकीबाईनं पोराच्या हातातली पिशवी घेतली, कपाशीच्या बियाबरोबर कंपनी देते ती तुरीच्या बियाची पुडी वेगळी काढली आणि सुपात ओतली. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "जा साहेब. आभाळ भरून आलं. रस्त्यात भिजसान."